मार्किंगची निळी शाई सुटते? आधी पुसायचा बोळा तपासा

धातूवर भोकांच्या जागा आखायच्या तर आधी त्यावर निळी शाई फासतात. हाईट गेजची (ठरावीक उंचीवर रेघ मारायच्या साधनाची) जीभ निळ्या पट्टीवरून सरकवली की मागे एक चकचकीत, केसाएवढी बारीक रेघ उरायला हवी. माझ्याकडे उरायची ती उंदरानं कुरतडल्यासारखी. रेघेच्या दोन्ही कडांनी शाईचे टवके उडालेले, मधेच बोटभर जागा उघडी पडलेली, आणि जॉब, म्हणजे ज्यावर काम चाललंय तो तुकडा, ड्रिलच्या टेबलावर जाईपर्यंत उरलासुरला पापुद्राही बोटाला चिकटून यायचा. भोकाची खूण ठोकायच्या पंचाचं टोक ठेवायला नेमकी रेघच सापडत नसेल तर भोकं जागेवर पडणार कशी? एका कव्हर प्लेटचे चारातले तीन बोल्ट बसले. चौथ्यासाठी गोल कानशीनं भोक लांबवावं लागलं. अशी लांबवलेली भोकं वॉशरखाली लपतात, पण आपल्याला ती तिथं आहेत हे माहीत असतं.

यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे हे रोज होत नव्हतं. आठवडाभर शाई झकास बसायची आणि मग एखाद्या रविवारी सगळं मुसळ केरात.

माझं वर्कशॉप म्हणजे कोल्हापुरात गच्चीवरची पत्र्याची खोली. बेंच व्हाइस, जुना छोटा लेथ, बेंच ड्रिल, आणि सरफेस प्लेट (मोजमापासाठी लागणारी अगदी सपाट पाटी) म्हणून ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा. शिवाजी उद्यमनगर जवळ असल्यामुळे स्क्रू, टॅप, कटर असलं काहीही हाकेच्या अंतरावर मिळतं. त्यामुळे शाई सुटायला लागल्यावर मी जे केलं ते कुणीही करेल. शाई बदलली. मग पुन्हा बदलली. तीनदा.

पहिल्यांदा घरातला मार्कर वापरला. मुलीचा होता, पांढऱ्या बोर्डावर लिहायचा. तो सुटणारच. त्याच्या शाईत मुद्दाम असा पदार्थ घातलेला असतो की सुकल्यावर ती पृष्ठभागाला धरून राहू नये, डस्टरनं पुसता यावी. परमनंट मार्कर वेगळा. त्यात स्पिरिटसारखं द्रावक, रंग आणि चिकटून बसणारं रेझिन असतं. छोट्या जॉबला, चार बोटं लांबीच्या पट्टीला, जाड टोकाचा निळा किंवा काळा परमनंट मार्कर पुरेसा होतो, आणि एवढंच काम असेल त्यानं पुढची खटपट करूच नये. मोठ्या प्लेटवर मात्र मार्करचे पट्टे दिसतात, एकावर एक फिरवताना खालचा थर विरघळतो आणि नवं टोक दोन रविवारांत पिंजारतं.

दुसरी चूक जास्त महाग पडली. दुकानात जाऊन म्हटलं, "मार्किंग ब्लू द्या." मालकांनी एक ट्यूब पुढे केली. मी खुशीत घरी आलो, पट्टीला फासली, सुकायला ठेवली. संध्याकाळी ओली. दुसऱ्या दिवशी सकाळीही ओलीच. नळाच्या तोटीला, दाराच्या कडीला, चहाच्या कपाला, जिथं जिथं हात लागला तिथं निळं. ट्यूब परत घेऊन गेलो तेव्हा मालक हसून म्हणाले, "अहो साहेब, हे ब्लू मॅचिंगचं. हे सुकलं तर त्याचा उपयोगच संपला."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे तेलात किंवा ग्रीसमध्ये घोटलेला प्रशियन ब्लू. सरफेस प्लेटवर त्याचा पुसटसा थर द्यायचा, त्यावर जॉब घासायचा आणि जिथं निळा डाग उठेल तिथं उंचवटा आहे असं समजून स्क्रेपरनं तेवढाच काढायचा. लेथच्या बेडचा, बेअरिंगचा, व्हॉल्व्हच्या सीटचा टच बघायला हे लागतं, आणि त्यासाठी ते ओलंच राहावं लागतं. दुसरी वस्तू म्हणजे स्पिरिट किंवा थिनरमध्ये रंग आणि रेझिन विरघळवलेली पातळ शाई. ही दोन मिनिटांत सुकते, आणि स्क्रायबरनं (रेघ मारायच्या टोकदार सळईनं) तिच्यावर रेघ ओढायची असते. आपल्याला हवी ती ही. गोंधळात भर म्हणजे आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये मार्किंग मीडिया शिकवताना चुना, मोरचूद (कॉपर सल्फेट), सेल्युलोज लॅकर यांच्या रांगेत प्रशियन ब्लूही असतो, आणि तो सुकायला वेळ लागतो एवढंच सांगितलेलं असतं. म्हणून दुकानात रंगाचं नाव घेऊ नका. "सुकणारं लेआउट मार्किंगचं द्या, टच बघायचं नको" असं सांगा. पातळ द्रव आणि झाकणाला ब्रश, किंवा स्प्रेचा डबा, असं मिळालं तर बरोबर. ट्यूब किंवा मलमासारखी डबी मिळाली तर तिथंच परत करा.

तिसऱ्या खेपेला मी शाई घरी बनवली. चपडा लाख, स्पिरिट आणि रंग. पहिल्या दिवशी अशी सुंदर बसली की मी दोन मित्रांना फोटो पाठवले. पुढच्या रविवारी तीच बाटली, तोच ब्रश, तशीच पट्टी. आणि पुन्हा टवके.

तेव्हा मामांना बोलावलं. मामा जुने फिटर, निवृत्त. कुणी मदत मागितली की आधी चहा मागतात. चहा झाला. मी शाईची बाटली त्यांच्या पुढ्यात ठेवली, त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. व्हाइसखाली पडलेला कापडाचा बोळा उचलला आणि नाकाला लावला.

"जॉब कशानं पुसतोस?"

"डिझेलनं. स्वच्छ निघतो की."

"मग शाई लोखंडावर बसायची की डिझेलवर?"

एवढंच बोलले. मग व्हाइसमधली पट्टी काढून नळाखाली धरली. पाण्याचे थेंब गोळा होऊन अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळले. मामांनी पट्टी माझ्यापुढे धरली आणि दुसरा चहा मागितला.

डिझेल, रॉकेल, टर्पेंटाइन यांनी ग्रीस निघतं, काळा चिखल निघतो. पण ती स्वतः पूर्ण उडून जात नाहीत. डोळ्याला न दिसणारा तेलाचा पातळ पडदा मागे राहतो. त्या पडद्यावर शाई पसरते, सुकते, वरून छान दिसतेही. लोखंडाला मात्र ती धरलेली नसते. स्क्रायबरचं टोक फिरलं की सालपट उचलावं तशी उचलली जाते. मधले काही आठवडे सगळं सुरळीत का चालायचं याचंही उत्तर मग सापडलं. ज्या दिवशी पट्टी पुसल्यानंतर मी तिच्यावर एमरी पेपर फिरवला होता, त्या दिवशी शाई बसली. एमरी आधी आणि पुसणं नंतर झालं, त्या दिवशी सुटली. मी शाईच्या बाटल्या बदलत बसलो आणि बोळा मात्र वर्षभर एकच होता.

त्यामुळे तुमची शाई सुटत असेल तर काहीही विकत घेण्याआधी ही पाण्याची परीक्षा करा. पुसलेल्या जॉबवर पाणी ओता. सलग पातळ थर पसरून तसाच राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ. थर मधेच फाटून थेंब झाले तर तेल आहे, मग डोळ्याला कितीही लखलखीत दिसो.

धुण्याचा माझा आताचा क्रम असा आहे. डिझेलनं धुवायचंच असेल तर ते पहिलं. मग भांडी घासायचा लिक्विड साबण आणि गरम पाणी, जुन्या टूथब्रशनं. मग भरपूर साधं पाणी. साबण राहता कामा नये, का ते पुढं येईलच. लगेच कोरडं पुसायचं, आणि शेवटचा हात नव्या, न वापरलेल्या कापडावर स्पिरिट किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घेऊन. 'नव्या' या शब्दावर जोर आहे. कॉटन वेस्टचा गोळा आपण फेकत नाही, तो बेंचवर महिनाभर नांदतो आणि प्रत्येक जॉबचं तेल पुढच्या जॉबला नेऊन देतो. धुतल्यावर पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, कडेनं धरायचं. अंगठ्याचा ठसा उठला की तिथं नेमका अंगठ्याएवढा टवका निघतो. हे इतकं हुबेहूब होतं की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं.

बीडाला (कास्ट आयर्नला) एकदा धुऊन भागत नाही. बीडातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत आणि बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं. वरून स्वच्छ केलं तरी उन्हात ठेवल्यावर घाम यावा तसं वर येतं. जुन्या मशीनचा बीडाचा भाग असेल तर धुवा, उन्हात चांगला तापू द्या, पुन्हा धुवा आणि थंड झाल्यावर शाई लावा. ओलं बीड बघता बघता तांबूस पडतं, म्हणून पाण्यानंतर स्पिरिटचा हात रेंगाळू द्यायचा नाही.

माझ्या अंदाजानं दहातली सात दुखणी इथंच बरी होतात. उरलेल्यांची लक्षणं निरनिराळी असतात, आणि ती नीट बघितली तर औषध चुकत नाही.

शाई घट्ट बसली आहे, नखानं निघत नाही, पण रेघेची कड करवतीच्या दात्यांसारखी फुटते. इथं थर जाड आहे किंवा ठिसूळ आहे. मार्किंगची शाई भिंतीच्या रंगासारखी गच्च द्यायची नसते. तिच्यातून धातूची चमक किंचित दिसायला हवी. निळ्या काचेतून बघितल्यासारखी. एकच हात, एकाच दिशेनं, परत मागं ब्रश न नेता. गडद दिसावी म्हणून दुसरा हात मारला की काम बिघडलं. गडदपणा हवा तर रंग वाढवा, थर नको. सुताराकडचं तयार पॉलिश वापरत असाल आणि त्यात चंद्रस (एक प्रकारची राळ) असेल तर तोही थर कडक पण ठिसूळ करतो. नुसता चपडा बरा. त्यातही थोडं एरंडेल घालायचं. एरंडेलच का, गोडेतेल का नाही, असा प्रश्न मलाही पडला होता. बहुतेक तेलं स्पिरिटमध्ये मिसळत नाहीत, वेगळी होऊन राहतात. एरंडेल मिसळतं. थर सुकल्यावरही ते आत राहतं आणि त्याला थोडी लवचीकता देतं. प्रमाण मात्र थेंबांत. जास्त झालं तर शाई कधी कडक होतच नाही.

शाई चिकट राहते, तासाभरानंतरही बोटाचा ठसा उठतो. पृष्ठभाग स्वच्छ असेल, एरंडेल मापात असेल, तर लाख म्हातारी झाली. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की त्याचं वय मोजायला सुरुवात होते. अल्कोहोल आणि लाखेतली आम्लं यांची हळूहळू प्रक्रिया होत राहते आणि सहा महिने ते वर्षभरात त्या द्रावणाची कडक होण्याची ताकद जाते. उष्ण जागी त्याहून लवकर. त्यावर इलाज नाही, ओतून द्या. म्हणून एका वेळी शंभर मिलीच बनवा आणि बाटलीवर तारीख घाला. कोरडा चपडा जास्त टिकतो, पण पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळे काढलेला, गोळा झालेला चपडा स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही, जेलीसारखा फुगून बसतो. तोही टाका.

जुलै-ऑगस्टमधलं दुखणं वेगळंच. शाई सुकताना पांढरट होते, निळ्यावर दुधाची साय आल्यासारखी. पुण्याकडच्या माणसाला कदाचित कळणार नाही, पण कोल्हापूर, कोकण, गोवा, मुंबई इथं पावसाळ्यात हे हमखास होतं. स्पिरिट भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि ओल्या लाखेत शिरतं. एनसी लॅकरलाही असंच होतं, रंगारी त्याला ब्लशिंग म्हणतात. जॉब हेअर ड्रायरनं कोमट करून घ्या, हाताला ऊब लागेल इतपतच, आणि मग शाई लावा. सुकल्यावर पुन्हा थोडी ऊब. तरीही होत असेल तर स्पिरिटमध्ये पाणी आहे. सुट्टं मिळणारं स्पिरिट कधी कधी 'वाढवलेलं' असतं. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्ड साफ करायला मिळणारं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. त्यात चपडा विरघळायला जास्त वेळ घेतो, पण विरघळतो.

आणि एक लक्षण असं, ज्यानं मला सगळ्यात जास्त चकवलं. शाई उत्तम बसली, रेघा सुरेख आल्या, पंच झाले. ड्रिल सुरू केलं, कापताना गार ठेवायचं दुधाळ कूलंट सोडलं आणि पाच मिनिटांत निळं पाणी ट्रेमध्ये. पाण्यात मिसळायचं कूलंट अल्कधर्मी असतं, गंज धरू नये म्हणून. आणि लाख अल्कलीत विरघळते. टाकणखारात, धुण्याच्या सोड्यात, अमोनियात, सगळ्यांत. साबण राहता कामा नये असं वर म्हटलं ते यासाठीच. साबणाचा अंश राहिला की तो लाखेचा थर खालून मऊ करतो. म्हणजे चपड्याची शाई कोरड्या कामाला, कानशीला, करवतीला, तेलाचे दोन थेंब टाकून केलेल्या ड्रिलिंगला ठीक. कूलंटची धार सोडायची असेल तर तिथं चपडा नको. एनसी लॅकरची शाई, तयार शाई किंवा मोरचूद.

आता कृती सांगतो. शंभर मिली स्पिरिट, दहा ग्रॅम चपडा, दीड ते दोन ग्रॅम रंग, एरंडेलाचे आठ-दहा थेंब. चपडा जाड पिशवीत घालून हातोडीनं बारीक करा, काचेच्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाका, रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा. घाई म्हणून गॅसवर किंवा गरम पाण्यात बाटली ठेवायची नाही. स्पिरिटची वाफ पेट घेते, आणि गच्चीवरच्या खोलीतून पळायला एकच दार असतं. सकाळी जुन्या मलमलीतून गाळा. तळाशी पांढुरका गाळ दिसेल ते लाखेतलं मेण. वरचं निवळ तेवढंच घ्या. मग रंग, मग एरंडेल. शाई लोखंडी डब्यात ठेवू नका, लाख लोखंडाशी मिळून काळी पडते.

रंग कुठला, यावर माझे बरेच प्रयोग वाया गेले. रांगोळीचा आणि होळीचा रंग स्पिरिटमध्ये विरघळत नाही, तळाला बसतो आणि रेघेत खडे येतात. कपड्यांची नीळ, पुडीतली, तिचंही तेच. तिचे कण विरघळणारे नसतात. बाटलीतली नीळ पाण्यातली, ती लावली तर मार्किंगऐवजी गंज मिळतो. औषधांच्या दुकानातलं जांभळं औषधही पाण्यातलंच. स्टॅम्प पॅडची शाई ग्लिसरीनमुळे मुद्दाम न सुकणारी असते, म्हणजे ट्यूबची कथा पुन्हा. चालतो तो स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग. रंगांच्या किंवा प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानात मिथिल व्हायोलेट किंवा क्रिस्टल व्हायोलेट मागा. चिमूटभरात बाटली काळीभोर जांभळी होते. हातमोजे घालूनच हाताळा आणि पूड उडू देऊ नका. त्याचा डाग आठवडाभर हातावर राहतो, आणि तो अंगावर घेण्यासारखा पदार्थ नाहीच. इतकी कटकट नको असेल तर परमनंट मार्करची रीफिल शाई आणा. एक बाटली पन्नास मिली चपड्याच्या द्रावणात ओतली की काम झालं. मी हल्ली हेच करतो.

एनसी लॅकरची शाई याहून सोपी आहे. बिनरंगी एनसी लॅकर एक भाग, थिनर तीन भाग, आणि तीच मार्करची रीफिल. वास उग्र, थिनरमध्ये टोल्यूइनसारखी द्रावकं असतात, म्हणून खिडकी उघडी ठेवून. नेलपॉलिशही नायट्रोसेल्युलोजच असतं. गडद निळं नेलपॉलिश थिनरनं पातळ करून मी एकदा अख्खं काम उरकलं होतं. बायकोला ते अजून सांगितलेलं नाही.

घरी बनवणं परवडतं का? खरं सांगायचं तर वर्षाला पन्नास मिली शाई लागणाऱ्यानं तयार बाटली घ्यावी. डायकेमसारखी परदेशी शाई ऑनलाइन मिळते आणि ती चांगलीच असते. झाकणात ब्रश असतो, थर आपोआप पातळ बसतो. ज्वलनशील माल असल्यामुळे यायला कधी वेळ लागतो, तेव्हा काम अडण्याआधी मागवा. देशी स्प्रेचे डबेही मिळतात. स्प्रेचा त्रास एवढाच की तो हाईट गेजवरही बसतो. मी घरी बनवतो याचं कारण पैशांचं कमी आणि हौसेचं जास्त.

मोरचुदाबद्दल थोडं सविस्तर, कारण माझ्या मते पोलादावर याच्या तोडीचं काही नाही आणि लोक ते विसरले आहेत. आपल्याकडे मोरचूद कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. सांगली-नाशिककडचे द्राक्षवाले चुन्याबरोबर त्याचं बोर्डो मिश्रण करतात. शंभर मिली पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम निळे खडे विरघळवा. त्याहून फार जास्त थंड पाण्यात विरघळतही नाही. त्यात बॅटरीत घालायच्या पातळ ॲसिडचे चार-पाच थेंब. नेहमी ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. डोळ्यांवर चष्मा. स्वच्छ पोलादावर याचा ओला बोळा एकदाच फिरवला की लोखंडाचा अंश द्रावणात जातो आणि त्याच्या जागी तांब्याचा झिरझिरीत थर बसतो. लालसर तांब्यावर चांदीसारखी रेघ. सालपट निघायला तिथं पापुद्राच नसतो, आणि कूलंटनं तो धुऊन जात नाही.

यातही सुटण्याचा आजार होतो. तांबं भुकटीसारखं येतं आणि बोटानं पुसलं जातं. कारणं दोन: पुन्हा तेच तेल, किंवा द्रावण जास्त वेळ ओलं ठेवणं. थर जाड व्हावा म्हणून घोटत बसलात की वरचं तांबं सैल बसतं. एक हात, पाणी, कोरडं पुसणं, बस. काम संपल्यावर जॉबला तेलाचा हात द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज. ॲल्युमिनियम, पितळ, स्टेनलेस यांच्यावर हे वापरायचं नाही. सरफेस प्लेट, व्ही ब्लॉक, गेज यांच्या जवळपासही बाटली आणायची नाही. मोरचूद विष आहे, म्हणून स्वयंपाकघरातली वाटी-चमचा नको, उरलेलं गटारात नको. आणि पत्र्याच्या डब्यात ठेवू नका. मी ठेवलं होतं. ते डब्याचंच मार्किंग करत बसलं आणि चौथ्या दिवशी डबा गळायला लागला.

ओबडधोबड कास्टिंगवर किंवा काळ्या खपलीच्या पट्टीवर निळ्या शाईचा हट्ट करू नका. काळ्यावर निळं दिसणार काय? तिथं खडूची पूड पाण्यात कालवून, चिमूटभर डिंक किंवा फेव्हिकॉल घालून, ब्रशनं पांढरं करा. रेघ गडद दिसते. अचूकपणा तेवढा येत नाही, पण कास्टिंगच्या पहिल्या मार्किंगला तो लागतही नाही. वेल्डिंगच्या किंवा गॅसनं कापायच्या जागी शंखजिऱ्याचा खडू बरा. लाखेची शाई तिथं जळते, धूर होतो, आणि वेल्डमध्ये छिद्रं पडण्याची भीती असते, म्हणून वेल्डच्या कडेची शाई आधी स्पिरिटनं काढून टाका. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर निळी शाई छान बसते, मात्र घडीची रेघ स्क्रायबरनं ओढू नका, पत्रा तिथंच चिरतो. तिथं बारीक मार्करची रेघ पुरे.

एक शेवटची तपासणी, जी मी आता शाईच्या आधी करतो: स्क्रायबरचं टोक. बोथट टोक शाई कापत नाही, नांगरतं. मग कडा फुटतात आणि दोष पुन्हा शाईच्या माथी. टोक बारीक, बारा ते पंधरा अंशांचं, ऑइलस्टोनवर घासून घ्या. रेघ एकदाच ओढा. दुसऱ्यांदा ओढलेली रेघ पहिलीवर कधीच नेमकी बसत नाही.

शाई काढायला चपड्याच्या थराला स्पिरिट, एनसीला थिनर. चपड्याला धुण्याच्या सोड्याचं गरम पाणीही चालतं, ते स्वस्त आणि वासाशिवाय, पण ॲल्युमिनियमला लावू नका, सोडा त्याला खातो. बाटलीच्या आट्यांना थोडं व्हॅसलीन लावून ठेवा. लाख सुकून झाकण असं धरतं की पुढच्या वेळी पाइप पाना लागतो. माझ्या पहिल्या बाटलीची मान अशीच गेली, आणि ओट्याच्या त्या ग्रॅनाइटवर एक जांभळा डाग अजून आहे. मामा आले की चहाचा कप बरोबर त्याच्यावर ठेवतात.